एक घोटही न पिणारा, एक घटाघटा पिणारा

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डेथ व्हॅली नावाचं वाळवंट आहे. १० जुलै १९१३ रोजी तिथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. हवेच्या तापमानाचा तो जागतिक विक्रम आजही कायम आहे. पाऊस म्हणाल तर वर्षाला जेमतेम ५-६ सेंटिमीटर. तरी तिथे दोन शेजारी सुखाने नांदतात. एक कांगारू उंदीर, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. दुसरा बिगहॉर्न, म्हणजे डोंगरातला रानमेंढा. गोल वळलेली जाडजूड शिंगं आणि वजन ७०-८० किलो. एका मेंढ्याच्या भारोभार उंदीर ठेवायचे तर जवळजवळ दोन हजार लागतील!

आता सांगा, पाण्यावाचून जास्त दिवस कोण काढेल? तुम्ही मेंढ्याचं नाव घ्याल. पण पैज जिंकतो उंदीर! त्याला आयुष्यभर पाणी प्यायला मिळालं नाही तरी चालतं.

मग त्याच्या अंगात पाणी येतं कुठून? कोरड्या बियांमधून! बियांतले पिष्टमय पदार्थ शरीरात वापरले जातात, तेव्हा त्यांतल्या हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होतं. १ ग्रॅम पिष्टापासून अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्तच. हे पाणी तुमच्या-माझ्या शरीरातही बनतं बरं का, पण आपण घामातून, श्वासातून, लघवीतून त्याहून कितीतरी जास्त घालवतो. हा उंदीर घाम गाळतच नाही. दिवसभर बिळाचं तोंड मातीने बुजवून आत गारव्यात बसतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याची लघवी आपल्या सगळ्यात दाट लघवीच्याही चौपट दाट असते. आणि नाक तर कमालच! थंड आरशावर ‘हा’ करून पाहा, लगेच धुरकट होतो ना? तशीच, छातीतून येणारी ओलसर उबदार हवा त्याच्या गार नाकातून जाताना तिच्यातली वाफ आतच जमते. ते पाणी पुन्हा अंगात मुरतं.

मेंढ्याला हे कसं जमावं? एवढं धूड कुठल्या बिळात मावणार! पण त्याचे पाय दणकट आहेत, तो लांबचा पाणवठा गाठू शकतो. थंडीत हिरवा पाला मिळाला की आठवडेच्या आठवडे पाण्याकडे फिरकत नाही. उन्हाळ्यात मात्र दर काही दिवसांनी कडे उतरून यावंच लागतं. येतो तेव्हा पार सुकलेला असतो. मग घटाघटा पितो, आणि काही मिनिटांत खपाटीला गेलेलं पोट टम्म! वाटेत जाडजूड निवडुंग भेटला, तर शिंगांनी आणि खुरांनी तो फोडून आतला ओला गर खातो.

मला विचाराल तर उंदराची युक्ती सरस. १९४०च्या दशकात क्नूट आणि बोडिल श्मिट-निएल्सन या शास्त्रज्ञ पतिपत्नींनी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या कांगारू उंदरांना नुसतं कोरडं धान्य दिलं, पाणी मुळीच नाही. उंदीर ठणठणीत! मग त्यांनी सोयाबीन द्यायला सुरुवात केली. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, त्यांच्यापासून तयार होणारा युरिया बाहेर टाकायला पाणीही जास्त लागतं. आता मात्र उंदरांना पाणी प्यावंच लागलं. तेव्हा त्यांना दिलं चक्क समुद्राचं पाणी! माणसाने ते प्यायलं तर त्याचं शरीर आणखी सुकतं. उंदीर मात्र ते प्यायले, जास्तीचं सगळं मीठ त्यांनी लघवीवाटे बाहेर टाकलं, आणि ते जगले.