पिचरच्या नावावर काय लिहायचं? माणसं मोजण्याआधी मोजमाप तपासा!



आधी एक सरळ प्रश्न. महिन्याचा सेल पडला की तुम्ही केबिनमध्ये कोणाला बोलावता? सेल्समनला. बरोबर? आता माल उशिरा आला होता, बिलात चूक झाली होती, कस्टमरचा फोन कोणी उचलला नव्हता... हे कोणाच्या नावावर लिहिलं?

या आठवड्याच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण दिलं होतं. वेळेअभावी पिचरचं गणित अर्धवट राहिलं. ते आज नीट समजून घेऊ. बेसबॉल पाहिलेला नसला तरी चालेल.

पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, आपल्या भाषेत बॉलर. मॅच ९ इनिंगची. एका इनिंगमध्ये प्रत्येक टीमचे ३ आउट. सुरुवात करतो तो स्टार्टर, मध्येच बदली येतो तो रिलीव्हर. आता या लोकांच्या नावावर काय काय लिहितात ते बघा.

१) 'विन': जिंकली टीम, नाव एकाचं

टीम जिंकली की एका पिचरच्या नावावर 'विन' लागते, हरली की एकाच्या नावावर 'लॉस'. स्टार्टरला विन हवी असेल तर त्याने किमान ५ इनिंग टाकायला हव्यात, तो बाहेर पडताना टीम आघाडीवर हवी आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. रिलीव्हरने आघाडी घालवली तर स्टार्टरची विन गेली. आणि गंमत बघा, त्याच रिलीव्हरच्या हाती चेंडू असताना टीमने पुन्हा रन काढून मॅच जिंकली, तर विन सहसा त्या रिलीव्हरलाच मिळते! ज्याने घोळ घातला, त्यालाच शाबासकी.

२०१८ साली न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम १० विन आणि ९ लॉसवर थांबला. नुसतं हे बघितलं तर साधारण माणूस वाटेल. पण त्याची टीमच त्याला रन काढून देत नव्हती. त्याचा स्वतःचा ईआरए होता १.७०, म्हणजे दर ९ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत. त्याच वर्षी मॅक्स शेर्झरच्या नावावर १८ विन होत्या, ईआरए २.५३. सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड कोणाला? डीग्रॉमला. ३० पैकी २९ मतदारांनी त्यालाच पहिली पसंती दिली. पत्रकारांनी निकाल बाजूला ठेवून काम बघितलं. आपण बघतो का?

२) 'अर्न्ड रन': चूक ज्याची त्याच्या खात्यात

मघाशी म्हटलं तो ईआरए काढायची पद्धत सोपी आहे. पिचरच्या खात्यातले अर्न्ड रन गुणिले ९, भागिले टाकलेल्या इनिंग. ६ इनिंगमध्ये २ रन दिले तर ईआरए ३.

पण सगळेच रन 'अर्न्ड' नसतात. क्रिकेटमध्ये कॅच सुटला की पुढचे सगळे रन बॉलरच्याच बोकांडी बसतात. बेसबॉलमध्ये स्कोअरर बसून विचार करतो की ही चूक झाली नसती तर इनिंग कशी गेली असती? समजा दोन आउट झालेत, सोपा कॅच फील्डरने सोडला आणि पुढच्याने होम रन मारला. तो कॅच धरला असता तर इनिंग तिथेच संपली होती. म्हणून ते रन पिचरच्या ईआरएमध्ये धरत नाहीत. चूक फील्डरच्या नावावर.

अजून एक नियम. जाता जाता पिचरने बेसवर दोन रनर ठेवले आणि बदली आलेल्यावर ते रन झाले, तर ते लागतात आधीच्या पिचरला. ज्याने उधारी केली, त्याच्याच वहीत. हा नियम न्याय्य वाटतो, पण यातही एक भोक आहे. बदली आलेला ढिसाळ असला तरी त्याचा आकडा स्वच्छच दिसतो! म्हणून मागून मिळालेल्या रनरपैकी त्याने किती रोखले, हेही आता वेगळं मोजतात.

३) 'सेव्ह': आकडाच मालक होतो तेव्हा

शेवटी येऊन मॅच वाचवणाऱ्याला पूर्वी काहीच श्रेय नव्हतं. शिकागोचे पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी 'सेव्ह'ची कल्पना मांडली आणि १९६९ पासून ती अधिकृत झाली. आघाडी ३ रनपेक्षा जास्त नसताना येऊन शेवटची पूर्ण इनिंग टाकायची आणि मॅच जिंकून द्यायची, हा सेव्हचा नेहमीचा प्रकार. चांगला हेतू, न दिसणाऱ्या माणसाला दाखवणारा.

पण पुढे काय झालं? टीमचा सगळ्यात भारी रिलीव्हर, म्हणजे 'क्लोजर', सेव्हच्या वेळीच आणायची रूढी पडली.

४ ऑक्टोबर २०१६, टोरांटो. बाल्टिमोर ओरिओल्ससाठी हरलो तर घरी, अशी मॅच. त्यांचा क्लोजर झॅक ब्रिटन, त्या सीझनमध्ये ४७ पैकी ४७ सेव्ह, ईआरए ०.५४. स्कोअर २-२ बरोबरीत. पाहुण्या टीमला बरोबरीत सेव्ह मिळत नाही, त्यामुळे आघाडी मिळेपर्यंत क्लोजर राखायचा ही जुनी पद्धत. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी एकामागून एक दुसरे पिचर आणले. अकराव्या इनिंगमध्ये एडविन एन्कार्नासियोनने तीन रनचा होम रन ठोकला. ५-२. सीझन खलास. आणि ब्रिटन? त्याने त्या मॅचमध्ये एकही चेंडू टाकला नाही.

मित्रांनो, सेव्हचा नियम कुठेच म्हणत नाही की बरोबरीत क्लोजर आणू नका. तो फक्त श्रेय कसं लिहायचं ते सांगतो. पण लोक नियमासारखंच वागायला लागले. तुम्ही जे मोजता, तसंच तुमची टीम खेळते. फक्त नवीन कस्टमरवर इन्सेंटिव्ह ठेवलात तर जुन्याचा फोन कोण उचलणार?

आजचा होमवर्क

वही घ्या आणि तुमच्या प्रत्येक माणसाच्या टार्गेटसमोर तीन उत्तरं लिहा:

- हा आकडा खरंच त्याच्या हातात आहे का, की ही टीमची 'विन' आहे?
- दुसऱ्याची चूक त्याच्या खात्यात जातेय का? आणि त्याची दुसऱ्याच्या?
- हा आकडा वाढवायच्या नादात कोणतं गरजेचं काम 'बेंचवर' बसलंय?

एखादा आकडा बदलावासा वाटला तर आधी त्या माणसाशी बोला, मग बदला. तुमच्या दुकानातला 'डीग्रॉम' कदाचित वर्षभर गप्प बसून काम करतोय. तो सोडून जायच्या आधी त्याला ओळखा.

तुमची उत्तरं कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!