आरोपीचा वकील

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या मुलाला किंवा मुलीला फौजदारी वकील व्हायचं, तर बारावीनंतर 5 वर्षं किंवा पदवीनंतर 3 वर्षं कायदा शिकायचा, मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद घ्यायची. खरं शिक्षण मात्र ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीच. फिर्याद किती वाजता नोंदली, पंचांनी सह्या कुठं बसून केल्या, जप्त कोयत्याला सील होतं का, हे बारकाईनं वाचायचं आणि उलटतपासणीत नेमकं तेच विचारायचं. ‘हे गुन्हेगाराला सोडवतात’ हा आरोप अन्यायाचा आहे. गुन्हा शाबीत करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. ऐपत नसलेल्या आरोपीला विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. उच्च न्यायालयातल्या अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून सांगली जिल्ह्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.