मेज करवत

मेज करवत : सपाट मेजाच्या फटीतून वर आलेल्या वर्तुळाकार फिरत्या पात्याने लाकूड कापणारे शक्तिचालित यंत्र. हातकरवतीने कापताना लाकूड स्थिर असते व करवत पुढेमागे सरकते. मेज करवतीत पाते एकाच जागी फिरत राहते व लाकूड हाताने पात्याकडे सरकवितात. त्यामुळे काप सरळ व काटकोनी येतो आणि एकाच मापाचे अनेक तुकडे थोड्या वेळात मिळतात. मात्र याच कारणाने कारागिराचे हातही प्रत्येक कापाच्या वेळी पात्याच्या दिशेने जात असतात. घरगुती कार्यशाळेसाठी थोड्या खर्चात हे यंत्र घेताना कोणत्या बाबतीत काटकसर केली असता केवळ सोय कमी होते आणि कोणत्या बाबतीत केली असता इजेचा संभव वाढतो, हे ओळखणे हा निवडीतील मुख्य प्रश्न होय.

इतिहास : वर्तुळाकार करवतीचा उल्लेख इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ मधील पेटंटात आढळतो. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पोर्टस्मथ येथील इंग्लिश आरमाराच्या गोदीत जहाजांसाठी लागणाऱ्या कप्प्या तयार करताना अशा करवती वापरल्या जात होत्या. पुढे वाफेच्या व त्यानंतर विजेच्या शक्तीवर चालणाऱ्या करवती लाकूड गिरण्यांतून सर्वत्र पसरल्या. पूर्वीच्या बऱ्याच यंत्रांत तिरपा काप घेण्यासाठी सबंध मेज कलते करावे लागे. अमेरिकेतील डेल्टा कंपनीने १९३९ मध्ये बाजारात आणलेल्या ‘युनिसॉ’ या यंत्रात मेज आडवेच ठेवून पात्याचा दंड कलता करण्याची सोय होती व हीच रचना पुढे रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हौशी सुतारकामाचा प्रसार झाला व घराच्या तळघरात किंवा मोटारीच्या खोलीत मावतील अशा लहान करवतींना मागणी आली.

रचना व कार्य : मेजाखाली विद्युत् चलित्र, म्हणजे नेहमीच्या भाषेतील मोटर, असते. त्याची गती पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी पात्याच्या दंडाला मिळते. एका हातचाकाने पाते वरखाली करता येते व दुसऱ्याने ते ९०° पासून ४५° पर्यंत कलते करता येते. लाकूड तंतूंच्या दिशेने उभे चिरताना ते पात्याला समांतर बसविलेल्या मार्गदर्शक पट्टीला टेकवून सरकवितात. आडवे कापताना ते मेजावरील खाचेतून सरकणाऱ्या कोनमापक आधाराला धरून पुढे नेतात. या दोन्ही मार्गदर्शकांचा एकाच तुकड्यावर एकाच वेळी उपयोग करणे धोक्याचे असते. कारण कापलेला तुकडा पाते व पट्टी यांच्यामध्ये अडकतो.

लहान यंत्रात सामान्यतः २५४ मिमी. (१० इंच) व्यासाचे पाते असते. उभ्या स्थितीत ते सु. ७९ मिमी. व ४५° कलते असताना सु. ५७ मिमी. जाडीचे लाकूड कापू शकते. असे पाते दर मिनिटास ४,००० फेरे करीत असल्यास त्याच्या परिघावरील दात्यांचा वेग सेकंदाला सु. ५३ मी., म्हणजे ताशी सु. १९० किमी. होतो.

लाकूड उसळणे : पात्याचे कारागिराकडील दाते खाली जात असतात व लाकडाला मेजावर दाबून धरतात. मागील बाजूचे दाते मात्र मेजातून वर येत असतात. चिरताना लाकडातील ताण मोकळे होऊन काप मिटू लागला किंवा फळी तिरपी होऊन मार्गदर्शक पट्टीपासून सुटली, तर हे मागील दाते फळीला उचलतात आणि ती मोठ्या वेगाने कारागिराकडे फेकली जाते. उडालेल्या फळीने इजा होतेच. शिवाय फळीवर ठेवलेला हात त्या झटक्यासरशी पात्यावर ओढला जाण्याचा संभव असतो. यंत्राची शक्ती कमी असली तरी हा धोका टळत नाही.

हे टाळण्यासाठी पात्याच्या लगेच मागे पोलादाची एक पातळ वक्र पट्टी बसवितात. ही विभाजक पट्टी कापात शिरून त्याच्या दोन्ही कडा अलग ठेवते, तसेच पात्याबरोबर वरखाली व कलती होते. अमेरिकेत २००८ च्या सुमारापासून नव्या रचनेच्या यंत्रांना ती आवश्यक करण्यात आली. त्यापूर्वीच्या पुष्कळ यंत्रांत विभाजक व पात्यावरील संरक्षक झाकण एकत्र जोडलेले असे. काही कामांत ते अडचणीचे होई, म्हणून काढून ठेवण्यात येई व पुढे ते हरवत असे.

प्रकार : (१) सुवाह्य करवत : हिचे वजन सामान्यतः २० ते ४० किग्रॅ. असते. मेज ॲल्युमिनियमचे असून चलित्र कार्बनच्या ब्रशांचे, हलके, वेगवान व मोठा आवाज करणारे असते. ती उचलून ठेवता येते व किंमत सर्वांत कमी असते. (२) ठेकेदारी करवत : हिचे मेज बिडाचे असून प्रवर्तन चलित्र मागील बाजूस टांगलेले असते व पट्ट्याने पाते फिरविते. आवाज कमी व आयुष्य दीर्घ असते. परंतु उघड्या पाठीमुळे भुसा सर्वत्र उडतो. (३) कपाटी करवत : सर्व यंत्रणा बंद पेटीत असलेली, २०० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक वजनाची व ३ ते ५ अश्वशक्तीची ही करवत मुख्यतः व्यवसायासाठी असते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांच्या मधली, बंद पेटीची पण कमी शक्तीची मिश्र करवतही मिळते. अमेरिकेत पहिल्या प्रकाराची किंमत काही शेकडा डॉलर असते, तर कपाटी करवतीची काही हजार डॉलर होते.

निवडीचे निकष : विभाजक पट्टी व ती नीट बसण्याची सोय ही पहिली अट मानावी. ती नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी चिरकामासाठी घेऊ नये.

दुसरे स्थान मार्गदर्शक पट्टीला द्यावे. स्वस्त व महाग यंत्रांतील खरा फरक पुष्कळदा येथेच दिसतो. पट्टी घट्ट केल्यावर तिची दोन्ही टोके पात्यापासून सारख्या अंतरावर राहिली पाहिजेत. मागील टोक पात्याकडे झुकले, तर लाकूड आवळले जाऊन उसळते. परीक्षेसाठी पट्टी सरकवून पाच-सहा वेळा घट्ट करावी व दर वेळी दोन्ही टोकांशी माप घ्यावे. काही सुवाह्य करवतींत दातेरी पट्टी व दंतचक्र यांच्या योगे दोन्ही टोके एकदमच सरकतात. थोड्या खर्चात ही रचना विशेष उपयुक्त ठरते.

पाते मेजावरील खाचेला समांतर आहे की नाही, हेही पहावे. एका दात्यावर खूण करून तो प्रथम पुढे व नंतर पाते फिरवून मागे आणावा आणि दोन्ही ठिकाणी खाचेपासूनचे अंतर मोजावे. त्यात डोळ्यांना दिसण्याइतका फरक असून तो दुरुस्त करण्याची सोय नसेल, तर ते यंत्र टाळावे.

चलित्राच्या शक्तीला जाहिरातीत मोठे महत्त्व दिलेले असते; परंतु त्यावर दिलेल्या आकड्यांची परीक्षा सोप्या गणिताने करता येते. अमेरिकेतील १२० व्होल्ट व १५ अँपिअर यांच्या नेहमीच्या मंडलातून अधिकात अधिक १,८०० वॉट मिळतात. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट असल्याने, कोणतीही हानी झाली नाही असे मानले तरी हे २·४ अश्वशक्तीपेक्षा जास्त होत नाही. अशा जोडणीवर चालणाऱ्या यंत्रावर लिहिलेली ३ किंवा ४ अश्वशक्ती ही सतत मिळणारी शक्ती असू शकत नाही. घरगुती कामाला सु. १·५ अश्वशक्ती पुरते; जाड व कठीण लाकूड सावकाश सरकवावे लागते, एवढाच फरक पडतो.

मोठ्या मेजावरही काटकसर करता येते. प्लायवुडचा नेहमीचा तक्ता २·४४ × १·२२ मी. असतो व १८ मिमी. जाडीच्या तक्त्याचे वजन ३० किग्रॅ.च्या आसपास, म्हणजे सुवाह्य करवतीएवढेच भरते. असा तक्ता लहान मेजावर तोलणे धोक्याचे असते. तो प्रथम जमिनीवर आधार देऊन हातातील विद्युत् चक्री करवतीने कापावा व नंतर लहान तुकडे मेज करवतीवर नेमक्या मापाचे करावेत. पट्टी पात्यापासून सु. ६१ सेंमी. दूर नेता येत असल्यास तक्त्याच्या निम्म्या रुंदीपर्यंतची सर्व मापे साधतात.

पात्यावरील खर्च मात्र वाया जात नाही. यंत्राबरोबर येणारे पाते पुष्कळदा सामान्य प्रतीचे असते. उभे चिरण्यासाठी २४, सर्वसाधारण कामासाठी ४० ते ५० व आडव्या कापासाठी किंवा प्लायवुडसाठी ६० ते ८० दात्यांची पाती वापरतात. सागवानातील सिलिकेमुळे साधी पोलादी धार लवकर बोथट होते. म्हणून टंगस्टन कार्बाइडची टोके असलेले पाते घ्यावे. नेहमीचा काप सु. ३·२ मिमी. रुंद असतो. सु. २·४ मिमी. काप घेणाऱ्या पातळ पात्याला कमी शक्ती लागते. त्यामुळे ते लहान चलित्राला मानवते. मात्र विभाजक पट्टी पात्याच्या चकतीपेक्षा जाड व कापापेक्षा पातळ असावी लागते. पाते बदलताना हे माप न पाहिल्यास लाकूड पट्टीवर अडते किंवा पट्टी निरुपयोगी ठरते.

जुने यंत्र : मर्यादित खर्चात बिडाच्या मेजाची जुनी करवत घेणे हा चांगला पर्याय असतो. मेजावरील वरवरचा गंज घासून निघतो, पट्टा बदलता येतो व धारवेही पुष्कळदा नवे बसविता येतात. याउलट मेजाखालील ओतीव भागांस तडा गेलेला असणे, पात्याचा दंड वाकलेला किंवा ढिला असणे आणि मेजाला पीळ पडलेला असणे हे दोष असाध्य समजावेत. हरवलेले संरक्षक भाग आता मिळतात की नाही, याची चौकशी किंमत ठरविण्यापूर्वीच करावी. कारण ते न मिळाल्यास स्वस्त वाटणारा व्यवहार प्रत्यक्षात अपुऱ्या यंत्राचा ठरतो.

भारतातील परिस्थिती : भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ असतो. भिंतीवरील लहान, ६ अँपिअरच्या जोडणीतून सु. १,३८० वॉटच मिळतात. म्हणून १,५०० ते १,८०० वॉटच्या करवतीला १६ अँपिअरची, भूयोजन केलेली जोडणी लागते. अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्टच्या यंत्राला रोहित्र लागते. शिवाय तेथील ६० हर्ट्‌झवर मिनिटास सु. ३,४५० फेरे करणारे प्रवर्तन चलित्र येथे सु. २,८५० फेरेच करते.

वीज जाऊन पुन्हा आल्यावर यंत्र आपोआप सुरू होणार नाही असा स्विच भारनियमनाचा अनुभव असलेल्या भागांत विशेष आवश्यक ठरतो. वीज गेल्यावर पात्यापाशी अडकलेला तुकडा काढण्यास हात घालण्याची प्रवृत्ती स्वाभाविक असते. त्याच क्षणी वीज आल्यास साधा स्विच असलेले यंत्र पूर्ण वेगाने फिरू लागते. असा स्विच वेगळा विकत घेऊन बसविता येतो व त्याचा खर्च यंत्राच्या मानाने थोडा असतो.

महाराष्ट्रात व इतरत्रही हातातील चक्री करवत किंवा दगड कापण्याचे मार्बल कटर प्लायवुडच्या फळीखाली उलटे बांधून मेज करवत तयार करण्याची पद्धत आढळते. तीत खर्च अगदी कमी येतो. परंतु झाकण व विभाजक पट्टी नसते आणि स्विच दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवलेला असतो. सु. ११० मिमी. व्यासाची चकती मिनिटास १२,००० फेरे करीत असेल, तर तिच्या कडेचा वेग सेकंदाला सु. ६९ मी., म्हणजे मोठ्या मेज करवतीपेक्षाही जास्त होतो. लहान आकारामुळे हे साधन निरुपद्रवी वाटते, ते बरोबर नव्हे. दगडासाठी केलेल्या या साधनावर लाकडाचे दातेरी पाते बसविल्यास हात दूर फेकला न जाता आत ओढला जातो.

सुरक्षा : अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात मेज करवतीच्या इजांमुळे वर्षाला ३०,००० हून अधिक लोकांना रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत उपचार घ्यावे लागत असल्याचे २०११ मध्ये सांगण्यात आले. स्टीव्हन गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलेल्या व २००४ पासून ‘सॉस्टॉप’ या नावाने बाजारात आलेल्या यंत्रात पात्यावर सूक्ष्म विद्युत् संकेत ठेवलेला असतो. त्वचेच्या स्पर्शाने संकेतात बदल होताच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो व सु. ५ मिलिसेकंदांत पाते थांबते. त्यामुळे बोट तुटण्याऐवजी बहुधा किरकोळ जखम होते. ठोकळा प्रत्येक वेळी नवा बसवावा लागतो, पाते बहुधा निकामी होते आणि यंत्राची मूळ किंमतही अधिक असते. लाकूड उसळण्यापासून मात्र ही योजना संरक्षण देत नाही.

लहान तुकडा हाताने न ढकलता ढकलकाठीने सरकवावा. पाते लाकडाच्या वर थोडेच ठेवावे. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. चष्मा व कर्णरक्षक वापरावेत. हातमोजे, सैल बाह्या व गळ्यातील उपरणे टाळावे. भुशाकडेही दुर्लक्ष करू नये, कारण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला आहे.

विभाजक पट्टी, स्थिर मार्गदर्शक पट्टी व योग्य स्विच असलेले यंत्र खर्चात बसत नसल्यास मेज करवत न घेणे हाच उचित मार्ग होय. सरळ कांबीच्या आधाराने चालविलेली हातातील चक्री करवत प्लायवुड कापण्याचे बहुतेक काम करते. फळी उभी चिरण्यासाठी लहान पट्टा करवत वापरता येते. तिच्यातील पाते वरून खाली जात असल्याने लाकूड मेजावर दाबले जाते व कारागिराकडे उसळत नाही. कापाची कड रंध्याने साफ करावी लागते, एवढेच काम वाढते. [⟶ करवत, सुतारकाम].