पोटाखालची पेटी आणि तिचे महागडे नखरे

नवे टायर घातल्यामुळे गाडी बिघडते, असं कुणी म्हटलं तर हसू येईल. पण मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह एसयूव्हीत हे सहज घडतं. बीएमडब्ल्यू एक्स५ वर २५५/५५ आर१८ मापाचे टायर असतील, तर नवा टायर ढोबळमानाने किलोमीटरला ४३१ फेरे घेतो. रबर ४ मिलिमीटर झिजलं की फेरे होतात ४३६. आता काटकसर म्हणून मालकानं मागं दोन नवे घातले आणि पुढं जुनेच ठेवले, तर दर शंभर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा पावणेपाचशेच्या आसपास फेरे जास्त घेतात. या तफावतीचा भुर्दंड गाडीच्या पोटाखालची ट्रान्स्फर केस भरते. अर्थात, पुढं मालकच भरतो.

ही ॲल्युमिनियमची पेटी गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टनं घट्ट बसलेली असते आणि इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटते. सरळ रस्त्यावर वाटणी सोपी, भांडण लागतं ते वळणावर. स्टिअरिंग पूर्ण वळवून १२ मीटर व्यासाची एक चक्कर मारली, तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक सुमारे ३८ मीटर चालतं आणि त्याच्याच मागचं चाक ३३ मीटरमध्ये घरी पोचतं. मधले पाच मीटर कुणीतरी गिळायलाच हवेत.

जुन्या विलिज जीपमध्ये ते चिखल गिळायचा. फोर-बाय-फोर लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जात आणि चाकं मातीत घसरून हिशेब मिटवत. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतलेल्या जीप याच घराण्यातल्या. आत साखळी नाही, संगणक नाही, नुसते दातेरी गिअर. डांबरी रस्त्यावर आल्यावर दांडा सोडवायची अक्कल ड्रायव्हरनं वापरायची.

ती अक्कल यंत्रात घालायचा खटाटोप मात्र जुना आहे. चारही चाकांना ताकद देणारी स्पायकर ही डच मोटार १९०३ सालची. १९७० च्या रेंज रोव्हरनं मधे पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल बसवून चारही चाकं कायम कामाला लावली. जीपच्या १९७३ च्या क्वाड्रा-ट्रॅकमध्ये साखळी आली. ऑडीनं १९८० च्या क्वाट्रोत वेगळी पेटीच ठेवली नाही. गिअरबॉक्समधला एक शाफ्ट पोकळ केला, ताकद शाफ्टमधून मागं आणि पोकळीतून पुढं! माझ्या मते या साऱ्या खटाटोपातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

एक्स५ चीच गंमत घ्या. १९९९ ची पहिली एक्स५ जर्मन कंपनीची, पण बनायची अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला. तिच्यात ताकदीची वाटणी ठरलेली होती: पुढं ३८ टक्के, मागं ६२. वाद नाही, संगणक नाही. २००३ च्या सुमारास एक्सड्राइव्ह ही यंत्रणा आली आणि ठरलेल्या वाटणीच्या जागी चकत्यांचा क्लच बसला. एक छोटी मोटर तो दाबते आणि सेकंदाच्या दहाव्या भागात वाटणी बदलते. या मोटरच्या आत एक प्लॅस्टिकचा गिअर आहे. होय, दोन टनांच्या आलिशान गाडीची चार चाकं मुठीत मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या चाकावर! दीड-दोन लाख किलोमीटर झाले की त्याचे दाते झिजतात आणि डॅशबोर्डवर एबीएस, ब्रेक, फोर-बाय-फोर असे सगळे पिवळे दिवे लागून दिवाळी होते.

पुष्कळ मालक इथेच घाबरून नवीन पेटीची ऑर्डर देतात. जरा थांबा! नुसती मोटर किंवा तिचा गिअर बदलून काम भागतं, असं अनेकदा निघतं. दुसरा तोतया म्हणजे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की खरखर होते, पुढची चाकं ताकद घेत नाहीत आणि आळ मात्र पेटीवर येतो. हळुवार ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी थरथरत असेल, तर जाणते मेकॅनिक मोटरचा प्लग काढून एक फेरी मारतात. वीज गेली की क्लच सुटतो आणि गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. थरथर थांबली तर चोर पेटीच्या आसपास आहे.

ऑइलचा किस्सा तर फारच मजेशीर. पेटीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर, आणि ते आयुष्यभर टिकतं असं कंपनीचं म्हणणं. कुणाच्या आयुष्यभर, ते विचारू नये. त्याच गाडीतला संगणक मात्र ऑइल किती थकलं याचा अंदाज मनातल्या मनात नोंदवत असतो आणि ऑइल बदलल्यावर ती नोंद शून्यावर आणावी लागते. त्याच एक्स५ मध्ये गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनीही आपलं ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते.

पेटी खरोखरच गेली असेल, म्हणजे साखळी सैल पडून दातांवरून उड्या मारू लागली असेल किंवा चकत्या जळल्या असतील, तर इंजिन उतरवायची गरज नाही. गाडी लिफ्टवर घ्यायची, एक्झॉस्ट आणि आडवा पट्टा काढायचा, दोन्ही शाफ्ट सोडवायचे, गिअरबॉक्सला जॅकचा आधार द्यायचा आणि पेटी मागं ओढायची. अंगमेहनत आहे, जादू नाही.

जादू पुढं आहे. कारखान्यात प्रत्येक पेटीचा क्लच किती जोरानं पकडतो हे मोजतात, कारण दोन पेट्या अगदी सारख्या निघत नाहीत. मग त्या मापाचा एक इवलासा रेझिस्टर मोटरवर बसवतात आणि तो वाचून संगणकाला कळतं की ही पेटी कुठल्या स्वभावाची. म्हणून भंगारातून पेटी आणायची तर तिची मोटरही तिच्यासोबतच घ्यावी. जुनी मोटर नव्या पेटीवर चढवली तर संगणक दुसऱ्याच क्लचच्या हिशेबानं दाब देत राहतो.

आणि सेकंडहँड एक्स५ बघायला गेलात तर इंजिन बंद करून लगेच दार आपटू नका. बंद झाल्यावर ती मोटर काही क्षण फिरून क्लचची झीज तपासते. खालून नुसती गुणगुण आली तर ठीक. टकटक ऐकू आली तर भाव पाडायला तिथेच सुरुवात करा.