कुड्याची साल तपासा, पण आधी पाणी द्या!

पहिला पाऊस पडला, डोंगराचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांत जुलाबाची साथ येते. दवाखाना लांब, म्हणून घरातील म्हातारी कुड्याची साल आणते, काढा उकळते. यावर सुशिक्षितांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ग्रंथात आहे, तपासायचे कशाला? दुसरा म्हणतो, अडाण्यांचा झाडपाला, तपासायचे कशाला? दोघांनाही तपासणी नकोच आहे! पण ज्याच्या घरात लेकरू आजारी आहे, त्याला तपासणीच हवी आहे.

ती होऊ शकते, हे मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने दाखवून दिले. डॉ. तन्नाझ बिर्डी आणि सहकाऱ्यांनी करंजाच्या पानांचा काढा तपासला (2006), कच्च्या बेलफळाचा तपासला (2009). बेलाच्या काढ्याने तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकही मेला नाही. जुन्या पद्धतीने कोणी 'निरुपयोगी' असा शिक्का मारला असता. पण त्याच काढ्याने जिवाणूंचे पेशींना चिकटणे, आत शिरणे कमी झाले, पटकीच्या विषावरही परिणाम झाला. शिवाय जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस यांच्यावर त्याचा थेट मारा दिसला.

मात्र ही परीक्षा प्रयोगशाळेतील आहे, लेकराच्या पोटातील नव्हे. कुड्याचेच पाहा. पांढरा कुडा औषधी, पण काळा कुडा हे वेगळेच झाड. त्याच्या सालीची भेसळ होते. पांढऱ्या कुड्यातील कोनेसीन हे द्रव्य वेगळे काढून आमांशावर वापरले गेले, तेव्हा मज्जासंस्थेवर दुष्परिणाम दिसले आणि ते मागे पडले. म्हणजे 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समज खोटा आहे. ढाक्यात 1987 साली दारुहळदीतील बर्बेरीनची परीक्षा माणसांवर झाली. एका प्रकारच्या जिवाणूच्या जुलाबात फायदा दिसला, पटकीत मात्र फारसा नाही. कोणते औषध, कोणत्या जुलाबावर, किती मात्रेत, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

आणि काढा उकळेपर्यंत लेकराच्या अंगातील पाणी संपते. जुलाबात मरण येते ते बहुतेक वेळा त्यानेच. म्हणून आधी जलसंजीवनी आणि झिंक. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या पाण्याने हजारो जीव वाचवले.

मग माणसांवरील परीक्षेचा खर्च कोण करणार? घरगुती काढ्याचे पेटंट मिळणे कठीण, म्हणून कंपनीला रस नाही. दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या चिकापासून मात्र क्रोफेलेमर हे औषध झाले, एचआयव्हीबाधितांच्या जुलाबासाठी त्याला 2012 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे हे काम सरकारनेच केले पाहिजे.

उद्या औषध निघाले तर वाटा कोणाला? जैवविविधता कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. 'संहिताबद्ध' पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याला लाभात वाटा देण्यातून सूट मिळाली. म्हणजे ज्ञान पोथीत आहे असे दाखवले की साल गोळा करणारीला काही द्यावे लागत नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले, त्यांचे ज्ञान पोथीत त्यांच्या नावाने कसे असणार? म्हणून वकील या नात्याने सांगतो, याच कायद्याच्या कलम 41 प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिला लोकांची नोंदवही करावी लागते. ग्रामसभेत उभे राहा, नोंदवही मागा. बौद्धवाडी, कातकरीवाडीतील बायांनी सांगितलेले ज्ञान त्यात त्यांच्या नावानिशी लिहून घ्या.

आणि पाण्याचा प्रश्न सोडू नका. 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. शेण आणि गोमूत्र पिण्याच्या पाण्यात! ती शुद्धी आम्हाला नको. आम्हाला हवे आहे तपासलेले औषध, आणि त्याआधी वाडीच्या शेवटच्या घरापर्यंत तपासलेले पाणी.