कात्रपच्या पाट्या आणि त्यांचे पोटठेकेदार

कात्रपच्या बाजारातली पाटी दुकानदाराच्या मनात आलं म्हणून बदलली, असं फार थोड्या वेळा घडलं आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथल्या पाट्या बदलल्या त्या बहुतेक बाहेरच्या हुकमांनी. कधी एखाद्या मोबाइल कंपनीचं नाव बदललं, कधी दिल्लीत बँकांचं विलीनीकरण ठरलं, कधी विधिमंडळात कायद्याला दुरुस्ती झाली. हुकूम लांबून यायचा, शिडी मात्र इथल्याच कुणीतरी लावायची. त्या शिडीवरच्या माणसाची नोंद कुठल्याच वर्क ऑर्डरमध्ये नाही, म्हणून हा मागोवा.

बदलापूर पूर्वेचं कात्रप मूळचं गावच. 2001 च्या जनगणनेत सगळ्या कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती. 2011 ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. डोंबिवली-ठाण्यात जागा न परवडलेली कुटुंबं इथं आली, त्यांच्यामागून दवाखाने, स्वीट मार्ट, क्लासेस आणि पतपेढ्या आल्या. त्याआधीच्या पाट्या पेंटरच्या हातच्या होत्या: पत्र्यावर ऑइलपेंट, अक्षरांना सावली आणि कोपऱ्यात पेंटरची बारीक सही. उजेडाच्या पाट्या म्हटलं की एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या पिवळ्या पेट्या आठवतात. मग अ‍ॅक्रिलिक आलं. अ‍ॅक्रिलिकचा पत्रा साधारण आठ बाय चार फुटांचा. दुकानाचं तोंड वीस फुटांचं असेल तर सांधे ठरलेलेच, आणि रात्री ट्यूब पेटली की प्रत्येक सांध्याची काळी रेघ उठून दिसायची.

फ्लेक्सनं हा प्रश्न मिटवला. आत पॉलिस्टरच्या धाग्यांची जाळी, दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर, दहा-दहा फूट रुंदीचे लांबलचक रोल. वीस काय, चाळीस फुटी पाटीलासुद्धा सांधा नको. 2000 नंतरच्या पाच-सात वर्षांत सॉल्व्हंट शाईची छपाई यंत्रं स्वस्त झाली आणि कल्याण-उल्हासनगरला सकाळी फाइल दिली की संध्याकाळी गुंडाळी रिक्षात, असं चालू झालं. पेंटरांपैकी काही कोरल ड्रॉ शिकले, काही फिटर झाले, बरेच नुसते थांबले. गंमत अशी, की पाट्या उजळल्या त्याच वर्षांत महावितरणचं भारनियमनही जोरात होतं. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी वीज गेली की इन्व्हर्टरवर एक पंखा, एक ट्यूब आणि वजनकाटा चालायचा. पाटीचं कनेक्शन इन्व्हर्टरला जोडणारा दुकानदार विरळाच. हौसेनं केलेली ग्लोसाइन अंधारात लटकलेली असायची.

या कामातली खरी कला फेस, म्हणजे पेटीच्या तोंडावर ताणलेलं फ्लेक्स, बदलण्यात आहे. बघायला सोपं वाटतं. आधी कडेची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढायची, स्क्रू सोडवायचे, जुना फेस उतरवायचा. आत पेटीच्या तळाला बोटभर धूळ, मेलेले पतंग, एखादी वाळकी पाल आणि गळलेल्या पाण्यानं गंजलेले चोक. ते साफ न करता नवा फेस चढवला तर पहिल्याच रात्री पतंगांचा काळा पट्टा खालच्या कडेला दिसतो. नवा फेस चारी बाजूंनी सहा-सहा इंच मार्जिन ठेवून छापलेला असावा लागतो. छापणाऱ्यानं कापड वाचवलं की फिटरच्या हातात धरायला काही उरत नाही. मग चारी बाजूंना मधोमध एक-एक स्क्रू, आणि तिथून समोरासमोर ताणत कोपऱ्यांकडे जायचं. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली की समोरच्या कोपऱ्यात वळी पडलीच. ताण खाटेच्या नवारीसारखा हवा, बोट मारलं की आवाज आला पाहिजे.

त्यातही वेळ महत्त्वाची. पीव्हीसी उन्हात सैल होतं, गारव्यात आक्रसतं. थंडीत भल्या सकाळी ताणलेला फेस दुपारी झोल खातो. ऊन चढल्यावर ताणला तर रात्री आणखी घट्ट बसतो. बदलापूरचा पारा एप्रिलमध्ये चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याच्या छज्ज्यावर उभं राहून ताणायला माणूस तयार होत नाही, पण फेस बसतो तो तेव्हाच. पावसाळ्यात बसवलेल्या फेसांकडे दिवाळीत मुद्दाम बघावं. निम्म्यांची पोटं सुटलेली असतात.

मोठी कामं आली ती मोबाइल कंपन्यांची. बदलापूर मुंबईच्या टेलिकॉम परिमंडळात, त्यामुळे एखाद्या जुन्या रिचार्जवाल्याच्या पेटीनं आधी ऑरेंज पाहिलं, मग हचचा गुलाबी, 2007 च्या सप्टेंबरपासून व्होडाफोनचा लाल आणि 2020 च्या सप्टेंबरात ‘व्ही’चा लाल-पिवळा. पेटी तीच, लोखंडही तेच, बदलला तो फक्त फेस. शेवटचा बदल कोरोनाच्या काळातला. दुकानं सम-विषम तारखांनी उघडण्याचे दिवस नुकतेच सरले होते, आणि ज्याचं दोन महिन्यांचं भाडं थकलेलं त्याच्या डोक्यावर कोरी करकरीत पाटी चढत होती. पैसे अर्थातच कंपनीचे.

हे पैसे खाली कसे यायचे, ते बघण्यासारखं आहे. कंपनी काम द्यायची मुंबईच्या जाहिरात संस्थेला, ती सगळ्या राज्याचं काम एका मोठ्या वेंडरला, तो ठाणे जिल्हा दुसऱ्याला, दुसरा कल्याणच्या पुढचा पट्टा तिसऱ्याला. कात्रपच्या फिटरपर्यंत फक्त चौरस फुटामागचा लेबर रेट पोचायचा, तोही फेस आणि स्क्रू वरच्यांचे, शिडी आणि जोखीम फिटरची, या बोलीवर. पोटठेका देण्यात मुळात वाईट काही नाही. उल्हासनगरच्या पुढं कुठल्या गल्लीत टेम्पो शिरतो आणि कुठल्या छज्ज्यावर पाय ठेवू नये, हे अंधेरीत बसून कळत नाही. ते कळणारा माणूस लागतोच. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आपला वाटा काढतो, आणि तो निघतो कापडातून. उजेडाच्या पाटीला बॅकलिट फ्लेक्स लागतं, त्यावर छपाईही दाट लागते, नाहीतर मागून दिवा लागला की लाल रंग गुलाबी दिसतो. त्याऐवजी साधं फ्रंटलिट ताणून दिलं की दिवसा कुणाला कळत नाही. रात्री कापडाची वीण दिसते आणि आतल्या ट्यूबा बरगड्यांसारख्या मोजता येतात. तक्रार येते ती फिटरकडे, कारण चौकात तोच सापडतो.

बँकांच्या विलीनीकरणात काम मोठं आणि मुदत आवळलेली. 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया बँक बडोद्यात गेल्या. पुढच्या 1 एप्रिलला सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. 2020 चा तो दिवस टाळेबंदीत उजाडला, तेव्हा फेसांना सवड मिळाली ती विषाणूमुळे. त्याआधी 2015 ते 17 मध्ये विवो-ओप्पोनं निळ्या-हिरव्या पाट्यांनी सगळी बाजारपेठ रंगवली होती. चपलांच्या दुकानावरसुद्धा विवो लिहिलेलं असायचं. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, नामफलकावर नोंदणी क्रमांक लिहिणं नियमात बसलं, आणि दुकानदारांनी नव्या फेसऐवजी स्टिकरवर भागवलं. त्या स्टिकरांच्या सुटलेल्या कडा आजही दिसतात.

मग मराठी पाट्या. 2008 सालचं आंदोलन आठवणाऱ्यांना हा विषय नवा नव्हता. पण दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी पाटीची सक्ती झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत हेही आलं. व्यापाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 25 सप्टेंबर 2023 ला न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली. मध्ये दसरा, दिवाळी. फिटरांना त्या दोन महिन्यांत जेवायला फुरसत नव्हती. माझ्या मते कायदा योग्यच होता, पण घाईत झालेली मराठी बघवत नाही. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, कारण फाइल करणाऱ्याच्या संगणकात तोच फॉन्ट. मराठी वळणाचा ‘ल’ कसा असावा हे शासनानं 2009 च्या निर्णयात चित्रासकट सांगितलेलं आहे. ते छपाईच्या दुकानापर्यंत पोचलं नाही. जुन्या पेंटरनं ही चूक केली नसती.

जोखमीचं बोलायचं तर पुण्याचं उदाहरण विसरता येत नाही. 5 ऑक्टोबर 2018 ला जुना बाजार चौकात रेल्वेच्या जागेतला होर्डिंगचा सांगाडा उतरवायचं काम चालू होतं. तो सिग्नलला थांबलेल्या रिक्षा-गाड्यांवर पडला आणि चार माणसं गेली. मे 2024 मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले. तिथं परवानगीचा सर्वांत मोठा आकार चाळीस बाय चाळीस फूट, आणि होर्डिंग 120 बाय 120 चं. त्यानंतर होर्डिंगांची संरचनात्मक तपासणी सुरू झाली. दुकानावरच्या पेट्या मात्र त्यातून सुटल्या. त्यांच्याही फ्रेमा पंधरा-वीस वर्षांच्या, एकाच लोखंडावर चार-पाच वेळा फेस चढलेले, आणि दर वेळी नवी भोकं जुन्या भोकांशेजारी. फेस बदलायला आलेल्या पोटठेकेदाराला फ्रेम गंजलेली दिसते, पण ‘फ्रेम बदला’ असं तो सांगणार कुणाला? वर्क ऑर्डर फक्त फेसची असते.

आता कात्रपमध्ये बऱ्यापैकी भांडवल असलेला दुकानदार एसीपीच्या (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेलच्या) पत्र्यावर उठावाची अक्षरं लावतो, आत बारा व्होल्टची एलईडी. जुन्या पेट्यांतही ट्यूब जाऊन एलईडी मॉड्यूल आली, चोक गेले, पतंग कमी झाले की नाही कुणास ठाऊक. उतरवलेले फेस पावसाळी शेडवर जातात. भाजीवाल्याच्या डोक्यावर उलटा दिसणारा बँकेचा लोगो हा इथला नेहमीचा देखावा. बँका, एटीएम, पॅथॉलॉजी लॅब यांची फ्लेक्सची कामं अजून येतात, खाली येण्याचा मार्ग जुनाच. नवं आहे ते फोटोचं. काम झाल्यावर तारीख-वेळ-ठिकाण उमटलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही. दिवसाच्या फोटोत फ्रंटलिट-बॅकलिट कळत नाही, हे कंपन्यांच्या लक्षात आलं, म्हणून काही जण दोन फोटो मागतात: एक दिवसाचा, एक रात्री दिवा लागल्यावरचा. काम दुपारी तीनला संपलं तरी माणसाला साडेसातपर्यंत थांबवून ठेवावं लागतं. त्या साडेचार तासांचे पैसे कोणी द्यायचे, यावर वेंडर म्हणतो वरून येत नाहीत.