उधाण, भांग आणि भूकंप

किल्लारी हादरली ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती, पौर्णिमा तोंडावर होती. सुमात्राचा २६ डिसेंबर २००४ चा भूकंप मार्गशीर्ष पौर्णिमेचा, भुजचा अमावास्येनंतर दोन दिवसांनी. एवढ्या भांडवलावर पंचांगातून भूकंप सांगणारे दरवर्षी उगवतात. त्यांच्या यादीत कोयना कधीच नसते. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट अष्टमी उलटून गेल्यानंतरची, दर्यावर्दी माणसाच्या हिशेबाने भांगाची, म्हणजे उधाण नव्हे तर सौम्य भरती-ओहोटीची.

दुसरीकडे, चंद्राचं नाव काढलं की हात झटकणारे विद्वान. त्यांचंही मला पटत नाही. सूर्य-चंद्राच्या ओढीने पायाखालचा खडकसुद्धा रोज फूटभर वर-खाली होतो. त्याने प्रस्तरभंगावर पडणारा ताण जेमतेम काही किलोपास्कल. भूकंपात मोकळा होतो तो हजारो किलोपास्कल. म्हणजे चंद्र भूकंप घडवू शकत नाही. पण शतकानुशतकं ताण साठून जो भंग सरकण्याच्या बेतात आहे, त्याची घटका तो ठरवू शकतो.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या अलेक्सी पेरे यांनी तिथी आणि भूकंप यांच्या लांबलचक याद्या केल्या. आर्थर शुस्टर यांनी १८९७ मध्ये असा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासायची कसोटी दिली. पुढची कित्येक दशकं उलटसुलट दाव्यांची. ती सोडून देऊ.

माझं मन रमतं ते चंद्रावर. अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेली भूकंपमापकं १९७७ पर्यंत चालली. सातशे ते हजार-अकराशे किलोमीटर खोलवरून येणारे बारीक हादरे त्यांनी टिपले. एकेका ठिकाणचे हादरे साधारण सत्तावीस दिवसांच्या फेऱ्याने परत येत, पृथ्वीच्या ओढीच्या तालावर. याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. पृथ्वीवर एलिझाबेथ कॉक्रन, व्हिडाले आणि तनाका यांनी २००४ मध्ये दाखवलं, की समुद्रकाठच्या उथळ भंगांवर भरती-ओहोटीचा ताण जोरदार असतो तेव्हा भूकंपांचं प्रमाण तिपटीपर्यंत चढतं. ओरेगॉनसमोरच्या अ‍ॅक्सियल या सागरी ज्वालामुखीत तर ओहोटीलाच हादरे वाढतात, कारण डोक्यावरचं पाणी हलकं होतं.

तिथीवाल्यांनी आणखी एक पाहावं. जपानचा ११ मार्च २०११ चा महाभूकंप अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे त्यांच्या लेखी चंद्र निर्दोष. पण सातोशी इदे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रत्यक्ष भंगाच्या दिशेने ताण मोजला, तेव्हा तोच भूकंप मोठ्या ताणाच्या दिवसांत निघाला. मोजायचा तो ताण, तिथी नव्हे.

पूर्वी कोयनेचा हादरा बसला की कऱ्हाड-पाटणकडे धरणाच्या पातळीची चर्चा होई. आता मोबाइलवर ‘सुपरमून’ची चित्रफीत फिरते, आणि याचं मला फार वाईट वाटतं. कारण कोयनेसारखी प्रयोगशाळा जगात क्वचितच असेल. भरतीच्या काही किलोपास्कलपुढे शंभर मीटर पाण्याचा दाब सुमारे हजार किलोपास्कल. पावसाळ्यात जलाशय भरला की हादरे वाढतात, हे सिद्ध झालेलं आहे. तिथल्या हजारो बारक्या हादऱ्यांची वेळ, खोली, जलाशयाची पातळी आणि भंगावरचा भरतीचा ताण शेजारी-शेजारी मांडावा, मुख्य हादऱ्यामागून येणारे वगळावेत, आणि मग शुस्टरची कसोटी लावावी. हे काम कोणा तरुणाने अंगावर घ्यावं.